तलावाची पाळ आणि घाटाची पायवाट



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी भूगोल शिकवीत. नकाशा भिंतीवर टांगावा, पण वाचावा पायांनी, असा त्यांचा आग्रह असे. व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली तेव्हा मी त्यांच्याच या आग्रहाचा आधार घेतला. इंदूरच्या भोवतीचे तलाव, दक्षिणेकडील विंध्याचे रान आणि त्यांतून जाणाऱ्या पायवाटा हा आजचा विषय. एखाद्याला हा विषय सहलीचा, म्हणजे हलका वाटेल. माझे म्हणणे असे आहे की, या शहराचा पाण्याचा प्रश्न आणि या शहराच्या पायी हिंडण्याचा प्रश्न हे दोन प्रश्न नसून एकच आहे. आणि तो तुकोगंजातल्या शाळेने हाती घ्यावा असा आहे.

आपण मराठी माणसे माळव्यात आलो ती पायी किंवा घोड्यावरून, घाट चढून. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजा नर्मदा ओलांडून मांडवच्या बाजूने वर आल्या आणि २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या लढाईत सुभेदार गिरधर बहादूर पडला. माळव्याचे दार त्या दिवशी उघडले असे इतिहासकार म्हणतात. दार हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा, कारण विंध्याचा कडा ही भिंत आहे आणि तिच्यात मोजक्याच फटी आहेत. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८५७ मध्ये, वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले तेही पायीच. महूच्या आसपास बंडाच्या बातमीने त्यांना गाठले. ‘माझा प्रवास’ वाचताना आपण लढाया आणि राणीचे वर्णन शोधतो. मला मात्र त्यातले मुक्काम मोठे वाटतात. कोठे पाणी मिळाले, कोठे नाही, कोणत्या झाडाखाली स्वयंपाक केला, हे त्या भिक्षुकाला वर्षांनंतरही आठवत होते. चालणाऱ्या माणसाला पाण्याची ठिकाणे पाठ असतात. वाहनातून जाणाऱ्याला पेट्रोल पंप पाठ असतात.

आता थोडा भूगोल, कारण त्यावाचून पुढचे काही समजणार नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. हे पठार दक्षिणेकडे हळूहळू चढत जाते आणि महू, मानपूरच्या पलीकडे एकदम तुटते. खाली निमाड, त्यातून वाहणारी नर्मदा. हा तुटलेला काठ म्हणजे आपल्याकडचा विंध्य. खडक तोच काळा, जो सह्याद्रीत आहे; पुण्याकडून आलेल्या पाहुण्याला जानापावच्या चढणीवर घरी आल्यासारखे वाटते ते यामुळे. या काठाच्या उत्तरेला पडलेला पाऊस खान, क्षिप्रा, गंभीर, चंबळ या वाटांनी यमुनेला आणि पुढे गंगेतून बंगालच्या उपसागराला जातो. दक्षिणेला पडलेला पाऊस चोरलसारख्या नद्यांतून नर्मदेला आणि अरबी समुद्राला जातो. जानापावच्या माथ्यावर, जेथे जमदग्नी-परशुरामाचे स्थान मानतात आणि जेथे चंबळेचा उगम सांगतात, तेथे उभे राहिले की हे शब्दांनी सांगावे लागत नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला ‘जलविभाजक’ ही संज्ञा पुस्तकातून घोकून घेण्यापेक्षा त्याला एका श्रावणी सकाळी तेथे न्यावे आणि दोन्ही बाजूंना वाहणारे ओहोळ दाखवावेत. परीक्षेत तो ते विसरणार नाही.

पावलोपावली पाणी असलेला प्रदेश अशी माळव्याची लोकोक्तीतली कीर्ती आहे. ती निसर्गाने फुकट दिलेली नाही. वर्षाला साधारण ९५० ते १००० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. खडक असा की पाणी फार मुरत नाही. काळ्या मातीचा थर पाणी धरतो खरा, पण उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. तेव्हा पावसाळ्यातले पाणी अडवून ठेवणे हाच उपाय, आणि तो होळकरांच्या राज्यात नीट केला गेला. सिरपूर, पिपल्यापाला, बिलावली, लिंबोदी आणि सर्वांत मोठा, गंभीर नदीवरचा यशवंतसागर. शहराच्या पश्चिमेपासून दक्षिणेपर्यंत ही माळ पसरली आहे.

तलाव म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा, अशी शहरी माणसाची समजूत असते. तलावाला खड्डा क्वचितच असतो. असते ती पाळ. उताराच्या खालच्या बाजूला मातीचा लांब बांध घालायचा, आतून दगड बसवायचे, एका टोकाला सांडवा ठेवायचा, म्हणजे जास्तीचे पाणी पाळ न फोडता निघून जाते. वरच्या बाजूला काही बांधायचे नसते. तिकडून नाले येतात, आणि ते मोकळे ठेवणे एवढेच काम असते. हे ‘एवढेच’ सर्वांत कठीण. पाळ कोणी चोरून नेत नाही. नाला मात्र एखाद्या वसाहतीच्या कुंपणाखाली निमूटपणे नाहीसा होतो, आणि पाच-सात वर्षांनी पाऊस चांगला होऊनही तलाव का भरत नाही याचे आश्चर्य करीत लोक पाळीवर उभे राहतात. म्हणून मी म्हणतो, तलाव पाहावयाचा तर पाळीवरून एक फेरी मारून परतू नये. तलावात येणारे नाले शोधावेत आणि त्यांच्या कडेकडेने उलट वर जावे. सिरपूरला किंवा बिलावलीला असे दोन तास चालल्यावर जे समजते ते कोणत्याही अहवालाने समजत नाही.

सिरपूरविषयी थोडे अधिक बोलतो, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा तेथे आहे. धार रस्त्यावरचा हा तलाव, धाकटा आणि मोठा अशी त्याची दोन अंगे. १९९० नंतरच्या दशकात त्याची अवस्था वाईट होती. गाळ, सांडपाणी, चोरटी शिकार, काठावरची अतिक्रमणे, सर्व काही. त्या काळात काही मंडळी तेथे पक्षी पाहायला जात. त्यांत चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे होते. आपल्या इंदूरच्या मराठी घरांना हे नाव नवे नाही. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या मंडळींनी ‘नेचर व्हॉलंटिअर्स’ या संस्थेच्या रूपाने तलावासाठी वर्षानुवर्षे धरणे धरल्यासारखे काम केले. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर या दोहोंची रामसर पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत नोंद झाली. रामसर हे इराणमधले एक गाव; १९७१ मध्ये तेथे पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला, त्यावरून हे नाव. सिरपूरची नोंदलेली जागा १६१ हेक्टर, यशवंतसागरची सुमारे ८२३ हेक्टर. पुढे जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला, उदयपूरबरोबर, ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन शहरे.

या सर्वांचा आरंभ कोठे झाला हे नीट पाहावे. तो कचेरीत झाला नाही. सकाळी दुर्बीण घेऊन काठाने चालणाऱ्या पाच-दहा माणसांच्या पायांत झाला. जो रोज चालतो त्याला कालच्यापेक्षा आज काय कमी झाले ते दिसते. नवा भराव दिसतो, नवे गटार दिसते, जाळे दिसते. रक्षणाची पहिली पायरी म्हणजे लक्ष असणे, आणि लक्ष ठेवण्याची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे चालत जाणे.

हिवाळ्यात सिरपूरला जावे. वारकरी नावाचा पक्षी तेथे थव्याने असतो. अंग काळे, कपाळावर पांढरा टिळा. मराठीत त्याला हे नाव ज्याने दिले त्याला माझा दंडवत. चक्रवाकाची जोडपी असतात. तलवार बदके, थापट्या बदके दूर उत्तरेकडून हिमालय ओलांडून येतात. पाणी ओसरू लागले की काठाच्या चिखलात शेकाटे आपले लांब तांबडे पाय टाकीत फिरतात. चिखल हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. शेकाट्याला लागतो तो चिखल. त्यातले किडे, गोगलगाई हे त्याचे अन्न. आपल्याकडे तलाव ‘सुशोभित’ करतात म्हणजे काय करतात? काठ सिमेंटने बांधतात, फरशा बसवतात, कठडे लावतात, रंगीत दिवे लावतात. फिरणाऱ्यांची सोय होते, हे मी नाकारीत नाही. वृद्धांना आणि अपंगांना सपाट रस्ता हवाच, आणि एखाद्या तलावाच्या एका बाजूला तो असण्यास हरकत नाही. पिपल्यापाल्याच्या काठी बाग झाली, लोक कुटुंबासह जातात, चांगले आहे. पण तलावाच्या चारी बाजूंना सिमेंटचा काठ झाला की पाण्याचा आणि जमिनीचा संबंध तुटतो. चिखल संपतो, वेत-बोरूची बेटे संपतात, आणि राहते ते एक मोठे टाके. मातीची पायवाट चालायला थोडी अवघड असते, पावसात चप्पल धरून ठेवते. ती तशीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता १९७८ सालाकडे येतो. १९७० मध्ये या शहराने नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून मोठे आंदोलन केले. विद्यार्थी, व्यापारी, गिरणी कामगार सर्व त्यात होते. श्रोत्यांतल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी त्या मिरवणुकांत घोषणा दिल्या असतील. १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा कडा चढवून नर्मदा इंदूरला आली. ते आवश्यक होते. त्याशिवाय हे शहर जगले नसते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की ज्या तलावांचे पाणी आपण पीत होतो त्यांचे पाणी पिणे कमी झाले, आणि पिणे कमी होताच त्यांच्याकडे पाहणेही कमी झाले. सिरपूर वाढले किंवा बिलावली आटली ही बातमी पूर्वी स्वयंपाकघरातली होती. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली. घरातल्या नळाला नर्मदा आल्यावर अंगणातल्या तलावाची किंमत त्याच्या जमिनीच्या भावाने होऊ लागली.

आणि त्या पाण्याचा पुढचा प्रवास किती जणांनी मनाशी लावून पाहिला आहे? नर्मदेचे पाणी जलविभाजक ओलांडून आपण वर आणतो. वापरून झाले की ते नाल्यांतून खान नदीत जाते. खान उज्जैनपाशी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला. म्हणजे तुकोगंजातल्या एका न्हाणीघरातून निघालेले नर्मदाजल, जे निसर्गतः भडोचजवळ अरबी समुद्राला गेले असते, ते प्रयागवरून बंगालच्या उपसागराकडे जाते. नदीला सदैव उजव्या हाताला ठेवून आणि तिचे पात्र न ओलांडता परिक्रमा करणारे लोक आहेत, गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्याच परिक्रमेवरची. आपण मात्र बसल्या जागी एक नदी दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात रोज ओततो. हे पाप आहे असे मी म्हणत नाही. पण ज्या शहराच्या हातून एवढी मोठी उलाढाल रोज होते त्या शहरातल्या मुलांना ती ठाऊक असावी.

याच शहराविषयी शंभर वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने फार बारकाईने लिहून ठेवले आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदूरला आला आणि १९१८ मध्ये दरबाराला त्याने दोन भागांत अहवाल सादर केला. मुळात तो जीवशास्त्राचा अध्यापक. पायी हिंडल्याशिवाय शहराची योजना करू नये असा त्याचा शिरस्ता होता. गल्ल्या, बोळ, नदीकाठ, घाट, सर्व त्याने पायाखाली घातले. जुने मोडून नवे बांधणाऱ्यांना त्याचा विरोध होता. शक्य तितके ठेवावे, अगदी आवश्यक तेवढेच काढावे, असे तो सांगे. खान आणि सरस्वती या दोन नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा आणि फिरण्याच्या वाटा असाव्यात ही त्याची कल्पना होती. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक विलक्षण मिरवणूक काढली. त्या वेळी प्लेगचा काळ होता. मिरवणूक सर्वांत स्वच्छ झालेल्या भागांतून जाईल असे आधीच जाहीर केले, आणि काय आश्चर्य, मोहल्ल्या-मोहल्ल्यात झाडलोटीची चढाओढ लागली! मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, शेवटी त्यांचे दहन झाले. २०१७ पासून सतत स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळवणाऱ्या इंदूरने आपल्या या आजोबांचीही आठवण ठेवावी. बरोबर शंभर वर्षांचे अंतर आहे. मात्र त्याच्या नदीकाठच्या वाटा अजून आपल्यावर देणे आहेत. रस्ते झाडून आपण लख्ख केले, खानच्या काठाने तासभर आनंदाने चालावे असे ठिकाण सहज सापडत नाही.

खानचे वरचे ओहोळ शहराच्या दक्षिणेकडील टेकाडांत आहेत. त्याच बाजूला रालामंडल. माथ्यावर होळकरांची शिकारकोठी, उतारावर रान. १९८९ मध्ये ते अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे २३५ हेक्टरांच्या जवळपास, म्हणजे अभयारण्य म्हणावे तर फारच लहान, सिरपूरच्या दीडपट. तरी चितळ, सांबर, नीलगाय तेथे आहेत आणि बिबट्यासुद्धा येतो-जातो. माथ्यावर चढून उत्तरेकडे पाहिले की सबंध इंदूर पायाशी दिसते. दक्षिणेकडे पाहिले की रान आणि शेते यांची सरमिसळ दिसते, आणि तिच्यात दरवर्षी नवी घरे घुसत असलेली दिसतात. रालामंडल हे आता बेट होऊ घातले आहे. बिबट्याला बेटावर राहता येत नाही. त्याला दक्षिणेच्या रानाशी जोडणारी वाट हवी. माणसाची पायवाट आणि जनावराची वाट ही पुष्कळदा एकच असते, नाल्याच्या काठाने जाणारी. नाला बुजला की दोघांचीही वाट बंद होते.

त्या पलीकडे खरे रान सुरू होते. चोरल, महू, मानपूर. पानगळीचे कोरडे रान. साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, आणि माळव्यात ज्याला खाखरा म्हणतात तो आपला पळस. आपल्याला रान म्हटले की पावसाळा आठवतो, कारण धबधबे तेव्हाच असतात. मी फाल्गुनातल्या रानाचा पक्षपाती आहे. पाने गळालेली असतात, दूरवरचे दिसते, जमिनीची ठेवण स्पष्ट होते, आणि पळस पेटलेला असतो. चैत्र-वैशाखात मात्र जाऊ नये. ऊन आहेच, शिवाय वणव्याचे दिवस. त्या दिवसांत रानात काडी ओढणाऱ्याला शाळेच्या कोणत्याही सहलीत जागा नसावी.

या रानाच्या वाटा कोणी ठेवल्या? आपण नव्हे. भिल्ल, भिलाला वस्त्यांतल्या लोकांनी ठेवल्या. बाजाराला जाणाऱ्या बायकांनी, गुराख्यांनी, मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांनी. पातालपानीला टंट्या भिल्लाचे स्थान आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला त्याला फाशी झाली, आणि त्याचा देह पातालपानीपाशी आणून टाकला अशी लोकांची दृढ श्रद्धा आहे. रेल्वेगाड्या तेथे थांबून मग घाट उतरत. घाटापूर्वी ब्रेक तपासावे लागतात हे कारण अभियंते सांगत, टंट्यामामाला सलामी हे कारण लोक सांगत. दोन्ही कारणांनी गाडी थांबत होती, तेव्हा भांडण्याचे कारण नाही. ही रेल्वे दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन करून घेतली, हेही मुलांना सांगावे. सरकारने संस्थानाला कर्ज देण्याची उदाहरणे पुष्कळ, उलट उदाहरणे थोडी. २०२३ च्या आरंभी रुंदीकरणासाठी या घाटातली नियमित मीटरगेज गाडी बंद झाली. त्यापूर्वी, २०१८ च्या डिसेंबरात, पातालपानी ते कालाकुंड पर्यटकांची गाडी सुरू झाली होती. कालाकुंडच्या स्थानकावर पानाच्या द्रोणात मिळणाऱ्या कलाकंदाची कीर्ती मी वाढवावी असे नाही. मात्र रुळांवरून, बोगद्यांतून चालण्याची जी फॅशन तरुण मंडळींत आहे ती सर्वस्वी अयोग्य आहे. रूळ ही पायवाट नाही.

धोक्याचे बोलणे टाळून चालणार नाही. १७ जुलै २०११ रोजी पातालपानीला सहलीला आलेले एक कुटुंब पाण्याच्या मधोमध अडकले आणि त्यांतली तीन माणसे लोंढ्याबरोबर गेली. ते चित्रीकरण देशभर दाखवले गेले, आणि अनेक घरांतून ‘धबधब्याकडे जायचे नाही’ असा कायमचा हुकूम निघाला. पालकांची भीती मी समजू शकतो. पण लोंढा का येतो हे कोणी मुलांना समजावून सांगितले? आपण उभे असतो तेथे पाऊस नसतो. वर पठारावर, दहा-बारा किलोमीटरवर, तो कोसळतो. खडक पाणी शोषीत नाही. सर्व पाणी एकाच घळीकडे धावते, आणि ते पोहोचेपर्यंत खाली ऊन पडलेले असते. पाणी गढूळ झाले, त्यात काड्या-पाने वाहत येऊ लागली, आवाज बदलला, की त्या क्षणी काठावर यायचे. सामान, चप्पल, डबा काही घ्यायला थांबायचे नाही. पावसाळ्यात घळीतले पात्र ओलांडायचेच नाही. हे पाच मिनिटांत शिकवता येते, आणि ज्याने भूगोल चालून शिकला आहे त्याला ते शिकवावेही लागत नाही. बंदीने मुले घरी राहत नाहीत. ती मोटारसायकलीवरून, कोणाला न सांगता, अज्ञानासह तेथे जातात.

जनावरांचेही तसेच. २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी परिसरात वाघ दिसला, आणि जूनमध्ये जवळच्या एका गावातल्या वृद्धाचा बळी गेला. अशा दिवसांत वनखात्याने जाऊ नका म्हटले की जाऊ नये. त्यात पराक्रम नाही. एरवी दहा-पंधरा जणांनी, दिवसाउजेडी, बोलत चालत, गावातला माणूस बरोबर घेऊन जावे. त्या माणसाला त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी. शहरातले लोक हे विसरतात.

या सर्व वाटांत मला सर्वांत जवळची वाट जाम दरवाजाची. महूच्या दक्षिणेला, कड्याच्या अगदी काठावर, अहिल्याबाईंच्या काळातला हा दगडी दरवाजा उभा आहे. महेश्वर राजधानी आणि इंदूर वरच्या अंगाला, तेव्हा या घाटाने ये-जा असे. दरवाजाला भिंत नाही, गाव नाही, तटबंदी नाही. कडा हीच तटबंदी. पावसाळ्यात खालून ढग येतो आणि दरवाजातून माळव्यात शिरतो. आज तेथे गाड्यांची रांग लागते, भुट्टे आणि भजी मिळतात, छायाचित्रे निघतात. दरवाजापर्यंत लोक येतात आणि परततात. दरवाजा ज्या वाटेसाठी बांधला ती खाली उतरणारी जुनी वाट कोणती, असे विचारले तर गुराखीच सांगू शकतो, आणि त्या गुराख्याची मुलेही आता शाळेत आणि मग शहरात जातात. ती जावीत. पण मग ती वाट कोणाच्या पायांत राहील? पायवाटेला देखभालीचे कंत्राट नसते. दोन पावसाळे कोणी चालले नाही तर घाणेरी आणि काटेरी झुडपे ती गिळतात. चार वर्षांनी तेथे वाट होती हे सांगायला साक्षीदार उरत नाही, आणि मग कुंपण घालणाऱ्याला ‘येथे वाट आहे’ असे कोणी म्हणू शकत नाही.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनापुढे मी एक सूचना ठेवतो. वर्षातून एकदा बसने दूरची सहल नेतात ती न्यावी. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तिच्याखेरीज आठवी आणि नववीच्या वर्गांनी वर्षातून चार दिवस चालावे. पहिला दिवस श्रावण संपताना, सिरपूरला येणाऱ्या एका नाल्याच्या कडेने वरपर्यंत. दुसरा दिवाळीनंतर, खानच्या वरच्या ओहोळांकडे आणि परवानगी घेऊन रालामंडलला. तिसरा पौषात, हातोदच्या बाजूला यशवंतसागराच्या काठी, जेथे सारस दिसण्याचा संभव असतो. चौथा फाल्गुनात, जाम दरवाजापाशी, गावातल्या जाणत्या माणसाबरोबर. दर वेळी मुलांनी एक वही ठेवावी. वहीत कविता लिहू नयेत. नाल्याची रुंदी किती पावले, पाणी वाहते की साचलेले, वास येतो काय, गेल्या वर्षी होती ती वाट आहे काय, कोठे अडली, एवढेच लिहावे. तारीख घालावी. वह्या शाळेच्या कपाटात क्रमाने लावाव्यात. पाच वर्षांनी त्या कपाटात जे असेल ते या शहरातल्या कोणत्याही कचेरीत नसेल, आणि एखाद्या नाल्यावर उद्या भराव पडला तर नगरपालिकेपुढे ठेवायला तारीखवार पुरावा असेल.

खर्च फारसा नाही. शहर बसने सिरपूरपर्यंत जाता येते. जाम दरवाजासाठी मात्र गाडी करावी लागेल. तो भार माजी विद्यार्थी संघाने उचलावा, अशी विनंती मी समोरच्या रांगांकडे पाहून करतो. बूट हवेत असे नाही, पण पायात घट्ट बसणारे काहीतरी हवे. पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतःची. डबा घरचा, पोळी-भाजीचा. प्लॅस्टिकच्या पुड्या नकोत. शिक्षक दोन पुढे, एक मागे. आणि ज्या पालकांना मुलांची काळजी वाटते त्यांनी अवश्य बरोबर यावे, फक्त सिरपूरच्या पाळीपर्यंत गाडी आणू नये.

पहिल्या नाल्यासाठी मी स्वतः यायला तयार आहे. तारीख मुख्याध्यापकांनी कळवावी.